एक बिघाड आणि हजार इशारे

गिरगांवांतील एखाद्या जुन्या चाळींत पहांटे नळास पाणी आलें नाहीं, म्हणजे काय घडतें हें मुंबईकरांस सांगावयास नको. प्रथम पहिल्या मजल्यावरील बिऱ्हाडकरू मेहताजींच्या दारीं येऊन 'माझ्या नळास पाणी नाहीं' अशी तक्रार करतो. तो जातो न जातो तोंच दुसऱ्या मजल्यावरील येतो, त्याच्या मागून तिसऱ्यावरील येतो. आणि अर्ध्या घटकेंत चाळीस बिऱ्हाडांच्या चाळीस तक्रारी मेहताजींच्या वहींत जमा होतात. प्रत्येक तक्रार खरी असते; एकही बिऱ्हाडकरू खोटें बोलत नाहीं. तथापि त्या चाळीस सत्यांतून निघणारा अर्थ एकच असतो : रस्त्याखालील मुख्य नळ फुटला आहे. जो मेहताजी वहींतील अनुक्रमानें एकेका खोलींत जाऊन तोटी उघडून पाहूं लागेल, त्याचा दिवस फुकट जाईल आणि फुटका नळ तसाच वाहत राहील. जो शहाणा असेल तो वही मिटून एवढेंच विचारील कीं, या चाळीसही तोट्यांत पाणी जेथून येतें अशी समाईक जागा कोणती?

संगणकांच्या जाळ्याची देखरेख करणाऱ्यांपुढें नित्य उभा राहणारा प्रश्न नेमका हाच आहे. भेद इतकाच कीं, तेथें बिऱ्हाडें चाळीस नसून चाळीस हजार असूं शकतात, आणि तक्रार करणारीं माणसें नसून यंत्रें असतात. निरोपांस वाट दाखविणारे राउटर, अनेक संगणकांस एकत्र जोडणारे स्विच, प्रकाशाच्या साह्यानें संदेश वाहून नेणाऱ्या काचतंतूंच्या केबली, त्यांच्या टोकांवरील प्रेषकयंत्रें, वीजपुरवठ्याचीं व थंड हवेचीं साधनें, या सर्वांचें मिळून एक जाळें होतें. यांतील बहुतेक यंत्रें स्वतःच्या व लगतच्या शेजाऱ्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून असतात. कांहीं वावगें दिसलें कीं तें यंत्र दूरच्या नियंत्रणकक्षाकडे एक त्रोटक संदेश धाडतें. या संदेशासच इशारा म्हणतात.

येथें एक गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवली पाहिजे. बिघाड निराळा आणि इशारा निराळा. बिघाड हें कारण. इशारा ही त्या कारणाच्या परिणामाबद्दल दिलेली साक्ष. साक्षीदार स्वतःस दिसलें तेवढेंच सांगतो. गुन्हा कोठें घडला हें त्यास ठाऊक असतेंच असें नाहीं.

याचें एक मोठें उदाहरण मुंबईशीं निगडित आहे. इ. स. २००८ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेस ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राच्या तळाशीं असलेल्या दोन केबली निकामी झाल्या. एकीचें नांव सी-मी-वुई-४ व दुसरीचें फ्लॅग युरोप-आशिया. दोन्ही केबली युरोपांतून निघून ईजिप्तमार्गें मुंबईच्या किनाऱ्यास लागतात व पुढें पूर्वेकडे जातात. त्या दिवशीं ईजिप्त, आखाती देश आणि भारत यांचें पश्चिमेकडील संगणकी दळणवळण फार मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झालें. आतां अशा प्रसंगीं नियंत्रणकक्षांत काय दिसतें तें पाहावें. केबलीच्या टोकाचें यंत्र म्हणतें, 'प्रकाश येत नाहीं.' त्यावर अवलंबून असलेला राउटर म्हणतो, 'पलीकडचा शेजारी बोलत नाहीं.' त्याच्या आंतील बाजूचे राउटर म्हणतात, 'अमुक देशाच्या वाटा नाहींशा झाल्या.' एखाद्या पेढीचा संगणक म्हणतो, 'लंडनच्या संगणकाकडून उत्तर नाहीं.' आणि उरलेल्या दुसऱ्या वाटेवरील यंत्रें ओरडूं लागतात कीं, 'येथें एकाएकीं गर्दी लोटली असून निरोप गळत आहेत.' या शेवटच्या यंत्रांचें तर कांहींच बिघडलेलें नसतें. आणि या सर्व कोलाहलांत जिचा घात झाला ती केबल मात्र मुकी असते. समुद्राच्या तळाशीं पडलेल्या काचेच्या तंतूस वाचा कोठून असणार? खरें स्थान सांगणारा साक्षीदार बहुधा नसतोच. तें इतरांच्या साक्षींवरून अनुमानानेंच काढावें लागतें. या अनुमानाच्या शास्त्रास इशाऱ्यांचा सहसंबंध लावणें असें म्हणतां येईल.

या शास्त्राचा एक सुंदर पाठ दूरध्वनीच्या वाहिन्या सांभाळणाऱ्या अभियंत्यांनीं पूर्वींच घालून दिला आहे. क, ख, ग आणि घ अशीं चार ठाणीं एका ओळींत आहेत व संदेश क पासून घ कडे वाहत आहे अशी कल्पना करावी. क आणि ख यांच्यामधील वाहिनी तुटली तर ख, ग आणि घ या तिन्ही ठाण्यांस संदेश मिळेनासा होईल आणि तिन्हीं ठाणीं एकदमच आक्रोश करूं लागतील. हें टळावें म्हणून ख ठाण्यानें पुढें एक ठराविक खूण धाडावयाची असा नियम आहे. अंकांच्या भाषेंत ती खूण म्हणजे एकापुढें एक अखंड 'एक' हा आंकडा. तिचा अर्थ असा कीं, 'दोष माझ्या मागें आहे. तो मीं पाहिला आहे. पुढच्यांनीं व्यर्थ हांक मारूं नये.' त्याच वेळीं ख हें ठाणें उलट दिशेनें क ला कळवितें कीं, 'तुझा आवाज मला ऐकूं येत नाहीं.' अशा रीतीनें दोष क आणि ख यांच्या दरम्यान आहे हें आपोआप ठरतें. परंतु ही शिस्त त्या एका थरापुरतीच चालते. त्या वाहिनीवर चालणारे राउटर आणि राउटरांवर विसंबलेले संगणक यांस ही खूण कळत नाहीं. ते आपापल्या परीनें तक्रार करीतच राहतात. म्हणून सर्व थरांच्या साक्षी एकत्र आणून पाहणारी व्यवस्था वर निराळी लागते.

साक्षी एकत्र आणावयाच्या तर प्रथम त्या एका भाषेंत हव्यात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनें १९९२ सालीं एक्स्. ७३३ या नांवाची शिफारस प्रसिद्ध करून इशाऱ्याचा मसुदा ठरवून दिला. कोणत्या वस्तूबद्दल, कोणत्या वेळीं, कोणत्या प्रकारचा, संभाव्य कारण कोणतें आणि गांभीर्य किती, इतक्या गोष्टी त्यांत याव्यात अशी अपेक्षा आहे. गांभीर्याच्या पायऱ्याही तींत नेमल्या आहेत : अत्यंत गंभीर, मोठा, किरकोळ, पूर्वसूचना, अनिश्चित, आणि शेवटीं 'निवारण झालें'. या शेवटच्या पायरीचें महत्त्व पुष्कळदां विसरलें जातें. जो इशारा सुरू झाल्याचें कळतें पण संपल्याचें कळत नाहीं, तो नियंत्रणकक्षांतील पडद्यावर दिवसेंदिवस लाल होऊन पडून राहतो. आणि ज्या पडद्यावर नेहमींच लाल रंग असतो त्याकडे पाहण्याचें मनुष्य हळूहळू सोडून देतो.

मसुदा एक झाला कीं सहसंबंधाच्या कामास प्रारंभ होतो. पहिली रीत अगदीं साधी आहे. एखादी जोडणी सैल असली म्हणजे ती क्षणांत तुटते, क्षणांत जुळते, आणि प्रत्येक वेळीं नवा इशारा धाडते. असे शंभर इशारे शंभर ओळींत न मांडतां एका ओळींत मांडून पुढें 'शंभर वेळां' असा आंकडा लिहावा. दुसरी रीत नकाशाची. तीस यंत्रांकडे जाणारी वाट जर एकाच राउटरांतून जात असेल आणि तो राउटरच निःशब्द झाला असेल, तर त्या तीस यंत्रांचें मौन हा निराळा बिघाड नसून त्याचा परिणाम होय. तेव्हां तीस इशारे त्या एकाच्या पोटांत घालावेत. तिसरी रीत काळाची : थोड्या मिनिटांच्या अवधींत आलेले इशारे एकाच घटनेचे असण्याचा संभव अधिक, म्हणून ते एकत्र तपासावेत. चौथी रीत अनुभवी अभियंत्यांच्या ज्ञानाचे नियम करून ते संगणकास शिकविण्याची. गेब्रिएल जेकबसन व मार्क वाइसमन यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या विषयाची पद्धतशीर मांडणी आढळते.

पांचवी रीत विशेष मनोवेधक आहे. क्लिगर, येमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती १९९५ सालीं मांडली. प्रत्येक बिघाडाच्या लक्षणांचा एक विशिष्ट संच असतो, जणूं त्याची मुद्राच. चाळीच्या भाषेंत सांगावयाचें तर मुख्य नळ फुटला असतां सर्व मजले कोरडे पडतील; गच्चीवरील टाकी रिकामी झाली असतां केवळ वरचे मजले; आणि एका उभ्या नळांत कचरा अडकला असतां एकाखालीं एक असलेल्या त्याच रांगेंतील खोल्या. अशा मुद्रांचा कोश आगाऊ तयार करून ठेवावयाचा, आणि आलेल्या इशाऱ्यांचा समूह त्यांतील कोणत्या मुद्रेशीं अधिकांत अधिक जुळतो हें पाहावयाचें. वाटेंत एखादा इशारा हरवला किंवा एखादा भलताच येऊन पडला, तरी जवळांत जवळची मुद्रा ओळखतां येते. याच सुमारास फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठांत मन्निला, तोइवोनेन इत्यादि संशोधकांनीं उलट दिशेनें प्रवास केला. नियम माणसानें सांगण्याऐवजीं इशाऱ्यांच्या जुन्या नोंदींतूनच 'अमुकामागून अमुक येतो' अशा वारंवार घडणाऱ्या मालिका संगणकानें शोधून काढाव्यात असा त्यांचा उपक्रम होता. तथापि जें वारंवार एकामागून एक येतें तें एकमेकांचें कार्यकारण असतेंच असें नाहीं. म्हणून अशा मालिकांवर अनुभवी माणसाची नजर फिरावीच लागते.

या सर्व रीती दोन गोष्टींवर उभ्या आहेत : खरीं घड्याळें आणि खरा नकाशा. दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांचा फरक असेल तर परिणाम आधीं आणि कारण मागाहून घडलें असें दिसेल. नकाशाचें दुखणें याहून बिकट आहे. कागदावर दोन निरनिराळ्या दिसणाऱ्या केबली जमिनींत एकाच चरांतून गेलेल्या असूं शकतात. १८ जुलै २००१ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यांत एक मालगाडी रुळांवरून घसरून पेटली. आग कित्येक दिवस धुमसत होती. त्या बोगद्यांतूनच अनेक कंपन्यांच्या काचतंतूंच्या केबली नेलेल्या होत्या. त्या भाजून निघाल्या आणि दूरदूरचें दळणवळण मंदावलें. प्रत्येक कंपनीच्या नकाशांत तिची वाट स्वतंत्र होती. बोगदा मात्र समाईक होता. ज्या नकाशावर बोगदा, पूल, चर आणि विजेचा खांब यांच्या खुणा नाहींत, त्या नकाशावरून लावलेला सहसंबंध अर्धाच राहतो.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर यंत्रांत नसून माणसांत आहे. वेल्समधील मिल्फर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत २४ जुलै १९९४ रोजीं स्फोट झाला आणि २६ माणसें जखमी झालीं. सरकारी चौकशींत असें आढळलें कीं, स्फोटापूर्वींच्या शेवटच्या सुमारें अकरा मिनिटांत तेथील दोघां नियंत्रकांपुढें २७५ इशारे येऊन आदळले होते. सरासरी दर अडीच सेकंदांस एक! ते वाचणें, जाणणें आणि त्यावर कृति करणें कोणाही मनुष्यास शक्य नव्हतें. तेलाचा कारखाना आणि संगणकांचें जाळें यांचीं यंत्रें भिन्न असलीं तरी त्यांपुढें बसणारा मनुष्य एकच आहे. पुढें १९९९ सालीं ब्रिटनमध्यें कारखान्यांसाठीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध झालीं, त्यांत स्थिर कामकाजाच्या काळीं एका नियंत्रकापुढें दहा मिनिटांस सरासरी एकाहून अधिक इशारा येऊं नये असें प्रमाण घालून देण्यांत आलें. मनुष्याचें लक्ष हें मोजकें धन आहे. तें क्षुल्लक गोष्टींवर उधळलें तर संकटाच्या वेळीं तिजोरी रिकामी सांपडते.

परंतु इशारे कमी करणें हेंच ध्येय मानलें तर त्याहून मोठी चूक होईल. कारण कोलाहलापेक्षां मौन अधिक भयंकर असूं शकतें. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत विजेच्या जाळ्यावर पहारा करणाऱ्या एका नियंत्रणकक्षांत असेंच घडलें. दुपारीं सव्वादोनच्या सुमारास तेथील संगणकाची इशारे देणारी आज्ञावली एका सुप्त दोषामुळें थबकली. ती बंद पडल्याचा इशारा देणारें मात्र कांहींच नव्हतें. नियंत्रकांच्या पडद्यावर नवा इशारा उमटेना, आणि इशारा नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे असें ते समजत राहिले. तिकडे तीन वाजून पांच मिनिटांनीं एक उच्च दाबाची तार झाडास लागून बंद पडली; मग दुसरी, मग तिसरी. दूरध्वनीवरून शेजारच्या कंपन्यांचीं माणसें विचारणा करूं लागलीं, तेव्हां त्यांवर विश्वास ठेवावा कीं स्वच्छ दिसणाऱ्या पडद्यावर, हें नियंत्रकांस उमजेना. संगणक सांभाळणाऱ्या विभागास यंत्र बंद पडल्याचें पावणेतीनच्या सुमारास कळलें होतें. पण तें नियंत्रकांच्या कानीं कोणी घातलें नाहीं. चार वाजून गेल्यावर वीजकेंद्रांमागून वीजकेंद्रें बंद पडत गेलीं आणि अमेरिका व कॅनडा येथील सुमारें पांच कोटि लोक अंधारांत बुडाले. पुढें झालेल्या संयुक्त चौकशींत या मुक्या झालेल्या इशाऱ्यांस कारणांमध्यें ठळक स्थान मिळालें. म्हणूनच चांगल्या व्यवस्थेंत प्रत्येक यंत्र ठराविक काळानें 'मी जागा आहें' एवढा निरोप धाडीत असतें, आणि तो निरोप न येणें हाच स्वतः एक इशारा मानला जातो. रात्रीचा गस्तवाला 'जागते रहो' अशी आरोळी देतो ती चोर दिसला म्हणून नव्हे. आरोळी थांबली तर लोकांनीं उठून पाहावें म्हणून.

मौनाचें दुसरेंही एक कारण आहे. इशारे ज्या वाटेनें यावयाचे ती वाटच पुष्कळदां त्या जाळ्यांतून जाते. १९८८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि आजही सर्वत्र वापरांत असलेल्या एस्.एन्.एम्.पी. या पद्धतींत मूळ इशारा पोच न मागतां धाडला जातो. म्हणजे गर्दीच्या प्रसंगीं, जेव्हां त्याची गरज सर्वांत अधिक, तेव्हांच तो हरवण्याचा संभवही अधिक. कॅनडांत ८ जुलै २०२२ रोजीं रॉजर्स या कंपनीचें जाळें एका फेरबदलांत झालेल्या चुकीनें कोसळलें आणि १ कोटि २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली. संकटकाळीं साह्य मागण्याच्या दूरध्वनीसही त्याची झळ लागली. जाळ्याची देखरेख करण्याची वाट त्याच जाळ्यावर विसंबलेली होती. कर्मचाऱ्यांचे परस्परांशीं बोलण्याचे दूरध्वनीही त्याच कंपनीचे होते. परिणाम असा झाला कीं, यंत्रांनीं लिहून ठेवलेल्या नोंदी अभियंत्यांच्या हातीं लवकर पडल्या नाहींत आणि मूळ कारण उमगण्यास सुमारें चौदा तास लोटले. साक्षीदार होते, साक्षही तयार होती. परंतु साक्षीदारांस न्यायालयापर्यंत आणणारा रस्ताच खचला होता. देखरेखीची वाट स्वतंत्र असावी, हा धडा त्या दिवशीं पुनः एकवार मिळाला.

आतां पुनः त्या चाळीकडे वळावें. शहाण्या मेहताजींनीं मुख्य नळ हुडकून काढला, पालिकेच्या माणसांनीं तो सांधला, आणि दुपारीं पाणी सुरू झालें. मेहताजी वही उघडून चाळीसही तक्रारींवर एकाच फटक्यांत रेघ मारूं पाहतात. येथेंच त्यांनीं क्षणभर थांबलें पाहिजे. कारण तिसऱ्या मजल्यावरील अगदीं टोकाच्या खोलींत एक वृद्ध बाई एकटी राहते. तिच्या तोटीकडे येणारा नळ गंजून आंतून बुजलेला आहे. सकाळीं तिचीही तक्रार इतर एकुणचाळीसांत मिळून गेली होती, आणि ती मिळून जाणें त्या वेळीं रास्तच होतें. परंतु सर्वांच्या घागरी भरल्या तरी तिची घागर रिकामीच आहे. एका बिघाडाच्या आड दुसरा बिघाड दडून बसतो तो असा.

म्हणून इशाऱ्यांची व्यवस्था उभारतांना जाणकारांनीं एक दंडक पाळला पाहिजे. जे इशारे एका मूळ कारणाच्या पोटांत घातले जातात ते पुसून टाकूं नयेत. ते त्याच्या खालीं बांधून ठेवावेत, आणि मूळ कारण दूर झाल्यावर त्यांतील प्रत्येकाकडून 'निवारण झालें' अशी स्वतंत्र ग्वाही घ्यावी. ज्याची ग्वाही आली नाहीं त्याचा इशारा पुनः वर यावा. हें काम संगणक न थकतां करूं शकतो, आणि तें त्याच्याकडेच सोंपवावें. तिसऱ्या मजल्यावर चढून, टोकाच्या खोलीचें दार ठोठावून, 'आजी, आपल्या नळास पाणी आलें का?' असें विचारण्याची बुद्धि मात्र व्यवस्था रचणाऱ्या माणसासच व्हावी लागते.